नियम कुठे तुटतात?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३



कुरुक्षेत्रावर पहिला बाण सुटण्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून नियम ठरवले होते. भीष्मपर्वाच्या सुरुवातीलाच ते येतात. रथीने रथीशीच लढायचं. शस्त्र टाकलेल्यावर, बेसावध असलेल्यावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार करायचा नाही. सारथी आणि शंख-भेरी वाजवणाऱ्यांना मारायचं नाही. म्हणजे या माणसांना चांगलं-वाईट नीट कळत होतं.

मग काय झालं? तेराव्या दिवशी एकट्या अभिमन्यूला सहा महारथींनी घेरून मारलं. चौदाव्या दिवशी सात्यकीवर तलवार उगारलेल्या भूरिश्रव्याचा हात अर्जुनाने बाणाने तोडला. भूरिश्रव्याने जाब विचारला, तेव्हा अर्जुनाने अभिमन्यूची आठवण करून दिली. पंधराव्या दिवशी शस्त्र खाली ठेवून बसलेल्या द्रोणांचा शिरच्छेद झाला. आणि अठराव्या दिवसानंतरच्या रात्री द्रोणपुत्र अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरला. त्याच्याकडेही उत्तर तयार होतं : धर्म आधी त्यांनीच मोडला.

बघा ना, प्रत्येकाकडे कारण होतं. आणि ते खोटंही नव्हतं! भीती याचीच वाटते.

आजच्या श्लोकांत भगवंत हीच उतरण दाखवतात. एखादी गोष्ट मनात घोळत राहते, तिची ओढ लागते, ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध. क्रोधातून मोह, मग स्मृती जाते आणि शेवटी बुद्धी. पण रागात तर जुना अपमान लख्ख आठवतो, मग जाते ती कोणती स्मृती? मला वाटतं, आपणच शांतपणे ठरवलेल्या नियमांची.

ही साखळी कोण तोडतं? भागवताच्या पहिल्या स्कंधात, सातव्या अध्यायात अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीसमोर आणतो. तिची पाचही मुलं त्याने झोपेत मारलेली. सूड घ्यायचा सगळ्यात मोठा हक्क तिचाच. आणि ती म्हणते, सोडा त्याला. मी रडतेय तशी त्याच्या आईवर, कृपीवर, रडायची वेळ येऊ नये.

याचा अर्थ अन्याय मुकाट सोसा, असा नाही. गीता अर्जुनाला लढायलाच सांगते. अश्वत्थाम्यालाही शिक्षा झालीच. डोक्यावरचा मणी आणि केस कापून त्याला हाकलून दिलं. पण द्रौपदीने शत्रूच्या मागे उभी असलेली आई पाहिली आणि हिशेब तिथे थांबवला.

आपली युद्धं छोटी असतात. फॅमिली ग्रुपवरचा वाद, ऑफिसमधला टोमणा, जपून ठेवलेले जुने स्क्रीनशॉट. वाक्य मात्र तेच : "सुरुवात त्यानेच केली."

आज हे वाक्य ओठांवर आलं, तर सेंड करण्याआधी एकदा थांबूया. मी ठरवलेला कोणता नियम आत्ता मोडतोय, एवढंच स्वतःला विचारूया.

श्रीकृष्णार्पणमस्तु.