भायखळ्याचें पुतळ्यांचें उद्यान

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत असई हें गांव आहे. केळणा व जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें झालेली लढाई आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर आर्थर वेलस्लीनें जय मिळविला; तथापि त्याचींहि दीड हजारांवर माणसें मेलीं वा घायाळ झालीं. तो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या वेळीं गव्हर्नर-जनरल असलेला त्याचा वडील बंधु मार्क्विस वेलस्ली आम्हांस मुंबईंत भायखळ्यास संगमरवरी रूपानें भेटला.

१८७२ सालीं उघडलेल्या व आज भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत, झाडांच्या सावलींत, असे कित्येक पुतळे आहेत. पूर्वीं ते शहराच्या चौकांत उंच चौथऱ्यांवर असत. १९६५ सालीं ते तेथून हलविण्यांत आले. राणी व्हिक्टोरियाची बैठी मूर्ति मॅथ्यू नोबल या शिल्पकाराची. तिचा खर्च बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं सोसला आणि १८९६ सालीं चाफेकर बंधूंनीं तिला डांबर फासलें. आज तिचें नाक भंगलें आहे.

हे पुतळे फोडावे कीं जपावे, यावर आमच्यांत बराच वाद झाला. आमच्या मतें ते जपावे. कारण पैसा कोणीं दिला, रोष कोणाचा झाला, हें सारें त्यांच्यापाशींच शिकतां येतें. मात्र एक गोष्ट मनास टोंचते. असईस इंग्रजांकडून लढलेले बहुतेक शिपाई एतद्देशीयच होते, आणि समोरचेहि. त्यांपैकीं एकाचीहि मूर्ति येथें नाहीं.

शेजारच्या जिजामाता उद्यानांत सुप्रसिद्ध काळा घोडा आहे. ही ब्राँझची मूर्ति सर अल्बर्ट सॅसून यांनीं १८७९ सालीं शहरास दिली. वर बसलेले युवराज पुढें सातवे एडवर्ड झाले. पण लोकांनीं स्वार सोडून घोड्याचेंच नांव त्या भागास दिलें! घोडा गेला तरी नांव राहिलें, आणि २०१७ सालीं तेथें स्वारावांचूनचा नवा घोडा उभारण्यांत आला.

सर्वांत जुना मात्र दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याच्या खटाटोपांत यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईंतच राहिले, व १९१४ सालीं जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. आपल्या डोंगरांसारख्याच काळ्या दगडाचा तो असल्यानें असेल, पण राणीपेक्षां त्याच्याच भोंवतीं आम्ही अधिक वेळ रेंगाळलों.