सांडपाणी आणि प्रवरामाई

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणातून उतरते. अकोले, संगमनेर, कोल्हार, नेवासे अशी गावे मागे टाकून प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. तेच पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात साठते आणि छत्रपती संभाजीनगरचे नागरिक ते पितात. तेव्हा आमच्या मोरीतून ओढ्यात गेलेले पाणी केवळ आमचे राहत नाही. ते नदीचे काय बिघडवते आणि गावचे लहानसे शुद्धीकरण केंद्र ते कसे रोखते, हे मला येथे मांडायचे आहे.

सांडपाण्यातील अन्नकण व मळ जीवाणू खातात. त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. हे काम नदीतच झाले, तर मासे गुदमरतात आणि पाण्याला दुर्गंधी येते. याचा हिशेब करून पाहू. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होते. म्हणजे २,००० वस्तीच्या गावाचे रोजचे ८८,००० लिटर. त्याच्या लिटरला २०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे धरू. नदीच्या स्वच्छ पाण्यात मात्र लिटरला साधारण ८ मिलिग्रॅमच असतो. म्हणजे एका गावाचे एका दिवसाचे सांडपाणी २२ लाख लिटर नदीजलाचा प्राणवायू संपवू शकते! पावसाळ्यात वाहती नदी हवेतून तो भरून काढते; पण उन्हाळ्यात, दोन आवर्तनांच्या मधल्या काळात, डोहातले पाणी तो कोठून आणणार?

केंद्र म्हणजे नदीचे हे काम गावाच्या वेशीवरच उरकण्याची सोय. आधी जाळीत कचरा अडतो. मग बंदिस्त टाकीत गाळ बसतो. पुढे एक-दीड मीटर खोलीच्या तळ्यात शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते आणि जीवाणू त्यावर जगून मळ संपवतात; उन्हाने पुष्कळसे रोगजंतूही मरतात. जागा कमी असल्यास खडीच्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावतात. उतार चांगला असेल तर विजेचीही गरज नाही, आणि ऊन तर आपल्या जिल्ह्यात मुबलक आहे. नदीत सोडायच्या पाण्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम ही सरकारी मर्यादा आहे. ती पाळली, तर २२ लाखांचा वरील आकडा ३ लाख ३० हजारांवर येतो.

मग घरोघरी शोषखड्डे घेतले की भागणार नाही का? पारनेरसारख्या मुरमाड भागात ते उत्तम चालतात. परंतु प्रवराकाठच्या काळ्या, कालव्याच्या पाण्याने आधीच चिबड झालेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. तेथे तळे किंवा वाफाच हवा.

तथापि बांधकाम सोपे, सांभाळ कठीण. टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही, तर तो पाण्याबरोबर पुढे जातो, खडी तुंबते आणि केंद्र असूनही ओढा काळाच वाहतो. उद्घाटनाला सारा गाव येतो, गाळ काढायला कोण येणार? म्हणून ग्रामसभेने केंद्राच्या मंजुरीबरोबरच गाळ उपसण्याचा दरसालचा खर्च आणि जबाबदार माणूस ठरवून टाकावा. ज्या नदीकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिची ओटी आपण भक्तिभावाने भरतो. तिच्यासाठी वर्षातून एकदा टाकीचे झाकण उघडणे, हीदेखील तिची पूजाच होय.