"सर, मी प्लॉटचा एजंट होऊ का?" – रिअल इस्टेटच्या व्यवसायात यशस्वी व्हायला काय लागतं?



बारावीचा निकाल लागला की मुलं पेढे घेऊन घरी येतात आणि "सर, आता पुढं काय करू?" असंही विचारतात. असाच एक मुलगा आला. कॉमर्सचा, साठ टक्क्यांच्या आसपासचा, बोलायला एकदम चलाख. म्हणाला, "सर, मी प्लॉट-फ्लॅटच्या धंद्यात पडू का? पण वडील म्हणतात, एजंट म्हणजे थापाड्या. असलं काही करायचं असेल तर घरात पाऊल ठेवायचं नाही."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण त्याच्या वडिलांचं म्हणणं मला मनातून पटत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही कोल्हापूरलगतच्या एका गावात दीड गुंठा जागा घेतली होती. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, पैसे दिले, मध्यस्थाला त्याचे दोन टक्के दिले, घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नंतर कळलं की सातबाऱ्यावर चार भावांची नावं आहेत आणि सही एकाचीच घेतली आहे. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा आहे. आणि एवढ्या छोट्या तुकड्याचं खरेदीखतच होत नव्हतं, कारण आड येत होता १९४७ चा तुकडेबंदी कायदा. पैसे अडकले ते अडकलेच.

आता विचार करतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. तो मध्यस्थ लबाड नव्हता. त्यानंही सातबारा नीट वाचला नव्हता, आणि मी तर गणिताचा शिक्षक असून वाचला नव्हता! या व्यवसायात लबाडीनं लोक बुडतात हे खरं, पण अज्ञानानंही तितकेच बुडतात. म्हणून मुलाला "हा धंदा वाईट" असं सांगण्यापेक्षा "हा धंदा नीट करायला काय शिकावं लागतं" हे सांगणं आपलं काम आहे. आजचा पाठ त्याचाच.

१. कागद वाचता आला पाहिजे

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कुणाचे हक्क किंवा बोजे आहेत ते असतं. बारामध्ये पिकांची नोंद असते. शहरातल्या सिटी सर्व्हे झालेल्या जागेला प्रॉपर्टी कार्ड असतं. हे उतारे आता ऑनलाइन मिळतात, म्हणजे "बघायला मिळालं नाही" हे कारण उरलेलं नाही.

वाचताना चार गोष्टी बघायच्या. सगळे मालक सही करणार आहेत का? भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. इतर हक्कात बोजा, कूळ किंवा न्यायालयातला दावा आहे का? आणि फेरफार जुळतात का? आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या इनाम जमिनीही बऱ्याच आहेत. त्या खासगी जमिनीसारख्या सरळ विकता येत नाहीत. शिवाय शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे तर अगदी सुरुवातीलाच विचारून घ्यावं लागतं.

तुकडेबंदीच्या कायद्यात अलीकडे बदल झाले आहेत. म्हणजे कालचं ज्ञान आज चालेलच असं नाही. यशस्वी एजंट तोच, जो नियम बदलला की पुन्हा अभ्यासाला बसतो.

२. गुंठा आणि आर यांचं गणित

गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. ४० गुंठे म्हणजे एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पण सातबाऱ्यावर क्षेत्र गुंठ्यात नसतं, ते हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. समजा, तिथं ०.०२.५० लिहिलं आहे. म्हणजे अडीच आर, म्हणजे २५० चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून सुमारे २,६९१ चौरस फूट. गुंठ्यात हे अडीच भरत नाही, २.४७ भरतं. आर आणि गुंठा एकच समजून भाव ठरवला की तेवढी जागा कमी पडते आणि तिथंच भांडण सुरू होतं.

फ्लॅटचंही तसंच. समजा, एकानं ९०० चौरस फूट 'बिल्टअप' सांगून ४,००० रुपये दर लावला. किंमत झाली ३६ लाख. पण कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, ६५० फूटच असेल तर खरा दर पडला सुमारे ५,५३८ रुपये. हे गणित गिऱ्हाईकाला स्वतःहून करून दाखवणारा एजंट लोकांच्या लक्षात राहतो.

३. गाव माहिती पाहिजे, नदी माहिती पाहिजे

कोल्हापुरात हा धंदा करायचा तर पंचगंगा समजली पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. २०२१ ला पुन्हा पूर आला. नदीकाठच्या जागेला निळी आणि लाल पूररेषा असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. उन्हाळ्यात जागा दाखवली तर तिथं पाणी येतं हे कुणाला दिसणार? ते सांगायचं काम एजंटचं.

शहर कुठं वाढतंय तेही कळलं पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, पुढं आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. जागेची किंमत नुसत्या मातीची नसते. रस्ता, बाजार, रेल्वे, पाणी यांची असते, हे त्यातून दिसतं. आजही तेच आहे. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. अशा बातम्या वाचून "आता भाव डबल होणार" असं म्हणणं सोपं आहे. विकास आराखडा उघडून त्या गटावर आरक्षण आहे का, रस्ता जातोय का, झोन कोणता, हे बघणं म्हणजे अभ्यास.

४. कायदा पाळला पाहिजे

२०१६ च्या रेरा कायद्यानं या व्यवसायाला शिस्त आणली. महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून काम करतंय. नोंदणीकृत प्रकल्पातल्या सदनिका किंवा प्लॉट विकून द्यायचे असतील तर एजंटची स्वतःची नोंदणी लागते आणि ती पाच वर्षांसाठी असते. २०२३ पासून महारेरानं एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो.

गिऱ्हाईकाच्या बाजूचे नियमही तोंडपाठ हवेत. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. गिऱ्हाईकांकडून आलेल्या रकमेतले सत्तर टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

५. धीर पाहिजे आणि "नको" म्हणता आलं पाहिजे

पालकहो, पैशाचं गणितही मुलांना खरं सांगा. तीस लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के ठरले तर साठ हजार होतात. ऐकायला लई भारी वाटतं! पण तीन महिन्यांत एकच व्यवहार झाला तर महिन्याला वीस हजार, आणि त्यातून पेट्रोल, फोन, ऑफिसचं भाडं. कधी सहा महिने काहीच नाही. अशा कोरड्या काळातच माणूस "घ्या हो, काही होत नाही" म्हणायला लागतो. म्हणून सुरुवातीला सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून किंवा आधी पगारावर काम करून शिकणं बरं.

बोलणं हेच ज्याचं बळ नाही, त्या मुलांनाही या क्षेत्रात जागा आहे. सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर कोर्स करून मोजणीचं काम, मूल्यांकन, गृहकर्जाची कागदपत्रं, साइट सुपरवायझर, असे कितीतरी रस्ते आहेत.

वर्गात किंवा घरी करून घ्या:

• आपल्या घराचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मुलांना वाचायला द्या. नावं, क्षेत्र, इतर हक्क शोधायला सांगा.
• वर्गाची खोली टेपनं मोजून कार्पेट क्षेत्र काढा. अशा किती खोल्यांचा एक गुंठा होतो?
• महारेराच्या संकेतस्थळावर आपल्या भागातला एखादा प्रकल्प उघडून ताबा कधी मिळणार ते बघा.
• जागेची एक जाहिरात घ्या. तिच्यात काय सांगितलंय आणि काय सांगितलं नाही, याच्या दोन याद्या करा.

शेवटी त्या मुलाचं सांगतो. मी त्याला एवढंच म्हणालो, "वर्षभर एखाद्या चांगल्या माणसाच्या हाताखाली कागद शिक. मग ठरव." तो शिकला. एक दिवस माझ्या त्या दीड गुंठ्याचा उतारा घेऊन आला आणि नेमकं कुठं अडलंय आणि कुठल्या वकिलाला काय विचारायचं, ते दहा मिनिटांत सांगून गेला. मध्यंतरी एका निवृत्त एसटी कंडक्टरला नदीकडची स्वस्त जागा आवडली होती. यानं पूररेषेचा नकाशा दाखवला. त्यांनी जागा घेतली नाही, याचं कमिशन गेलं, आणि त्यांचा पुन्हा फोनही आलेला नाही.

मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं की सर. पण पावसाळ्यात त्यांच्या दारात जायला लाज वाटली असती."

परवा त्याचे वडील बाजारात भेटले. बहिणीच्या वाटणीचे कागद बघायला पोराकडं दिलेत म्हणाले. एवढं बोलले आणि भाजीची पिशवी सावरत पुढं गेले.

आपल्या वर्गातही असं एखादं बोलकं, चलाख पोरगं असेल. त्याला हाकलू नका. त्याच्या हातात आधी सातबारा द्या.