दोरी ओढणाऱ्याचं काय होतं?

मनू, तुझा तो जाडजूड आराखडा वाचला गं. तीन वर्षांत निर्यात, रिजेक्शन शून्यावर, नवं गिऱ्हाईक, सगळं नीट मांडलंयस. पण शेवटच्या पानावर पेनानं खरडलंयस ना, ‘ताई, इथे सगळे नुसत्या पाट्या टाकतात’, मला त्याचीच जास्त काळजी वाटली. ते एक वाक्य तुझा अख्खा आराखडा गिळून बसेल.

आणि माणसंच तशी आहेत, असं एवढ्यात ठरवू नकोस.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. पाचातला एक कामगार कामावरच यायचा नाही. जे यायचे त्यातले काही लाइनवरच प्यायचे. कंपनीवरचा राग काढायला गाडीच्या दाराच्या पोकळीत रिकामी बाटली टाकून ठेवायचे, म्हणजे घेणारा वर्षानुवर्षं खडखड ऐकत बसणार! १९८२ मध्ये त्याला टाळं लागलं. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावानं पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. तरी वीस टक्क्यांची गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्या जपानी कारखान्यांच्या तोडीच्या निघायला लागल्या.

भाषणांनी हे झालं नाही. कामगारांच्या तुकड्या जपानला ताकाओकाच्या कारखान्यात नेल्या आणि तिथल्या लाइनवर उभ्या केल्या. तिथे हाताशी एक दोरी असायची. बोल्ट बसत नाहीये, ओढ दोरी. सूर वाजतो, टीम लीडर येतो, ‘काय अडलं?’ विचारतो आणि स्वतः हात लावतो. गाडी त्या टप्प्यातून पुढे सरकेपर्यंत सुटलं नाही, तर लाइन थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. चुकलेलं तसंच पुढे ढकलायचं, शेवटी दुरुस्तीवाले बघून घेतील. त्याच माणसाला आता सांगत होते, तुला चूक दिसली तर सगळं थांबव, आम्ही तुझ्याकडे येतो. जॉन शुक तेव्हा टोयोटात होते, या प्रशिक्षणात त्यांचा हात होता. मन बदललं की वागणं बदलेल म्हणून वाट बघत बसू नका, वागायची रीत बदला, मन मागाहून येतं, असं त्यांनी पुढे लिहिलं. मला हे शंभर टक्के पटतं.

गंमत पुढेच आहे. हे सगळं जनरल मोटर्सच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यांचे मॅनेजर तिथे शिकले, परत गेले. व्हॅन नाइसच्या कारखान्यात हीच पद्धत आणायला निघाले आणि तोंडघशी पडले. दोरी टांगता येते गं. पण मॅनेजरचा बोनस दिवसात किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरत असेल, तर दोरी ओढणाऱ्याकडे तो कसा बघेल?

आता तुझ्याकडे बघ. आराखड्यात ‘शून्य रिजेक्शन’ आणि सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह रोजच्या नगांवर. आराखडा कपाटात राहील, इन्सेंटिव्ह जिंकेल. आधी तेवढं एक बदलून घे.

मी एका ठिकाणी होते, नाव नको. स्टोअरमधल्या एका पोरीनं सांगितलं की रबर सीलचा लॉट चुकीचा आलाय, बोटानं दाबलं की चीर पडतेय. ट्रक गेटवर उभा होता. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुला आत्ताच मुहूर्त सापडला का?’ ट्रक गेला, माल परत आला, ते झालंच. पण ती पोर पुढे चलनावरचे आकडे टिपायची, मालाकडे बघायचीसुद्धा नाही. तुझ्या भाषेत याला कमिटमेंटचा अभाव म्हणायचं. मी म्हणेन, एका वाक्यात तिला हातचं राखून काम करायला शिकवलं.

जागेची ही अशी रीत म्हणजेच तिची संस्कृती. ती आराखडा गिळते, तशी धोरणाचे हातही बांधते, आणि कधीकधी ते बरंच असतं. आपल्या लिज्जत पापडचं बघ. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, मालकीण आहे, ‘बहीण’ आहे. म्हणून व्याप एवढा वाढला तरी पापड हातानंच लाटले जातात. मशीन घेतलं असतं तर बहिणींनी काय करायचं होतं? बाहेरच्या सल्लागाराला तो वेडेपणा वाटला असता.

आणि एक कडू बोलते. तुझ्या शॉपमध्ये निम्मी पोरं कंत्राटी, सात महिन्यांनी गेटपास संपणारी. त्यांनी जीव ओतावा असं तू कुठल्या तोंडानं म्हणणार? १९८८ मध्ये मागणी पडली, तेव्हा नुम्मीनं माणसं काढली नाहीत, प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावली. कामगारांनी शब्द दिला होता, तसा कंपनीनंही माणसं न काढण्याचा दिला होता, आणि अडचणीच्या वर्षी तो पाळला. तुझ्या हातात एवढं सगळं नाही, ठाऊक आहे मला. पण चांगल्या चार-पाच पोरांना कायम करून घ्यायला भांडता येईल. भांड. बाकीचे ते बघत असतात.

तुझ्या साहेबांना हे अजिबात पटलं नाही तर? तर दोनेक वर्षं शिकून घे आणि निघ. भिंतीवर मूल्यांच्या पाट्या लावून खाली शिव्या घालणारी जागा एकट्यानं सुधारत बसायचं वय नाही तुझं, आणि पगारही नाही.

सध्या आराखडा मिटून ठेव. सकाळी शिफ्ट बदलताना खाली जा, जाणारा येणाऱ्याला काय सांगून जातो ते ऐक. बिघाड वहीत लिहितात की कानात सांगतात, ते बघ. मागच्या वर्षी ज्यानं तक्रार केली होती, त्याला इन्क्रिमेंट किती मिळालं ते एचआरकडून काढ. आणि जाताना सुपरवायझरला आधी कळवू नकोस. कळवलंस, तर तुला फक्त झाडून ठेवलेला शॉप दिसेल.