मुलांची पावले : पाहणी आणि निगा

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा येते. अतिशय सुखात वाढलेल्या सोणाचे तळवे चंक्रमण करताना फुटले व वाट रक्ताने माखली. ती पाहून भगवान बुद्धांनी त्यास एकपदरी पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. ही सवलत आपणा एकट्यास नको, संघास मिळावी, असे सोणाने सांगितले. तेव्हा ती सर्व भिक्खूंना मिळाली.

ही कथा आम्ही अनेक वर्षे सांगत आलो. तिचा अर्थ मात्र सहावीतील एका मुलाने आम्हांस शिकविला. धावण्यात पुढे असणारा तो मुलगा मैदानावर येईनासा झाला. मोजा काढविला, तेव्हा अंगठ्याचे नख मांसात रुतून पू झालेला दिसला. बूट गेल्या वर्षीचा, बोटभर आखूड. घरी नव्या बुटासाठी पैसे मागावे लागू नयेत, म्हणून तो गप्प होता. तेव्हापासून आम्ही दर रविवारी सर्वच मुलांची पावले पाहतो. त्या पाहणीतून ध्यानी ठेवण्याजोग्या गोष्टी येथे देत आहोत.

नख रुतणे : नख सरळ कापावे; कोपरे खोलवर गोलाकार कापू नयेत. सूज, पू वा ठणका असल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

चिखल्या : बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून खाजते. हे बहुधा बुरशीमुळे होते. पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात, मोजे रोज बदलावेत, टॉवेल व चप्पल प्रत्येकाची स्वतंत्र असावी. स्टेरॉइडमिश्रित मलम स्वतःहून लावू नये. खाज थांबल्यासारखी वाटते, परंतु बुरशी पसरते.

तळव्याच्या भेगा : पावलाचा पुढील भाग लाल, चकचकीत व भेगाळलेला, पण बेचक्या स्वच्छ असतील, तर ती बहुधा बुरशी नव्हे. घाम व बुटाचे घर्षण ही त्याची कारणे. सुती मोजे वापरावेत, रात्री व्हॅसलीन लावावे.

चामखीळ : ही विषाणूमुळे होते. कुरूप समजून ब्लेडने कापू नये. मुलांमध्ये ती पुष्कळदा एक-दोन वर्षांत आपोआप जाते. दुखत वा पसरत असल्यास डॉक्टरांस दाखवावी.

पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाची पावले एकदा स्वतः पाहावीत. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, जून महिन्यात बूट भेट देताना आधी प्रत्येक पायाचे माप घ्यावे. आणि द्यावयाचे ते एकास नव्हे, साऱ्या वर्गास द्यावे.