केमो संपली, आता ताकदीचा खर्च

ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा हिशेब घरात सगळ्यांना तोंडपाठ असतो. नंतर जिना चढताना लागणारी धाप, वर न जाणारा हात आणि झोपूनही न हटणारा थकवा यांसाठी मात्र कुणी पैसे बाजूला काढलेले नसतात. तसे ते फार लागतही नाहीत. ते जातात भलतीकडेच, प्रोटीन पावडरच्या डब्यांवर. खाणे नीट जात असेल तर अंडी, डाळ, दही पुरते. डबा आहारतज्ज्ञाने सांगितला तरच घ्यावा.

थकव्यावर सर्वांत स्वस्त उपाय चालणे. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणे आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, असे प्रमाण तज्ज्ञांनी 2019 मध्ये सुचवले. खर्च काय, तर तीन-चारशे रुपयांचा रबरी पट्टा. ‘पडून राहा’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा द्यावा आणि आपण फिरायला निघावे! मात्र ताप असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा आजार हाडांत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरा खर्च येतो तो स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजला तर. दाब देणारी स्लीव्ह देशी घेतली तर साधारण दीड ते तीन हजारांना पडते, परदेशी बरीच महाग. धुण्या-वाळवण्यासाठी दोन लागतात आणि सहाएक महिन्यांत त्यांचा ताण जातो. म्हणजे वर्षाला चार. आठ-दहा हजार धरून चाला. माप फिजिओथेरपिस्टकडूनच घ्या. अंदाजाने मागवलेली स्लीव्ह एकतर रुतते, नाहीतर कपाटात पडून राहते.

पुण्या-मुंबईत फिजिओ घरी येण्याचे साधारण पाचशे ते हजार घेतात. सूज नसेल, तर वीस सिटिंगचे पॅकेज कशाला? चार-पाच वेळांत व्यायाम शिकून घ्या. सूज चढलेली असेल तर मात्र काही आठवडे रोज बँडेज बांधावे लागते. तिथे काटकसर नको.

आरोग्य विम्यात डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस, बहुधा साठ किंवा नव्वद, धरलेले असतात. त्या मुदतीतली फिजिओची बिले डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लावून पाहा. तपासणीसाठी रेल्वेने जाताना रुग्णालयाचा दाखला दिल्यास स्लीपर व थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला 75 टक्के.