मिसिंगचा कागद नदीच्या खालच्या अंगालाही न्या

आमच्या काकांची मिसिंगची नोंद झाली कागल तालुक्यात आणि मृतदेह निघाला चिकोडी तालुक्यात. दूधगंगा, वेदगंगा महाराष्ट्रात उगम पावतात आणि कर्नाटकात कृष्णेला जाऊन मिळतात. पुरात गेलेला माणूस कुठं लागणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी आमचा कागद कोल्हापूर जिल्ह्यातच फिरत राहिला आणि तिकडं ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ’ अशी निराळी फाईल उघडली गेली. पत्ता लागला तोवर दफन उरकलं होतं.

निपाणी-बेळगाव पट्ट्यात प्रत्येकाचे सोयरे दोन्हीकडं. म्हणून सांगतो, मिसिंगची प्रत आणि फोटो घेऊन स्वतः सदलगा, चिकोडी, निपाणी अशी ठाणी फिरा. कन्नड लिहिता-वाचता येणारा सोबत असू द्या. मिरज-बेळगाव रुळांवर काही घडल्याची शंका असेल, तर रेल्वे पोलिसांकडं वेगळं विचारा; त्यांचं दप्तरच वेगळं. महाराष्ट्रातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीला कर्नाटकात यूडीआर म्हणतात. कलम एकच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. १ जुलै २०२४ पूर्वीच्या फायलींवर सीआरपीसीचं १७४ दिसेल. ‘कुणी सापडलंय का?’ असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळतं. अमुक तारखेपासूनचे अनोळखी मृतदेहांचे यूडीआर दाखवा, असं म्हणा.

आम्हाला हवालदारानं कपाटातून लाखेचं सील केलेली पुरचुंडी काढून दाखवली. फोटोतला चेहरा ओळखण्यापलीकडं गेला होता. पण बंडीला आतून चोरखिसा होता, पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याची टीप. काकूनं नुसतं बोट ठेवलं.

कपड्यांवरून घरच्यांची खात्री पटते, सरकारची पटेलच असं नाही. शवविच्छेदनाच्या वेळी डीएनएसाठी दात किंवा हाड राखलंय का, हे आधी विचारा. असेल तर मुलाच्या रक्ताशी जुळवता येतं. नसेल तर पुरलेला देह दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं उकरून तपासता येतो, त्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. ‘आपल्यात पुरतात व्हय?’ म्हणून काकू फार चिडली होती. तिचा राग खरा होता, पण जाळलं असतं तर तपासायला काय उरलं असतं? अनोळखी देह शक्यतो पुरतात ते याचसाठी. आधारच्या ठशांवर मात्र भिस्त ठेवू नका. नंबर दिला तर तो माणूस तोच का, एवढं आधार सांगतं. अनोळखी ठसा कोट्यवधींतून हुडकून देत नाही.

कागद नसला की काय होतं, ते शीना बोरा खून प्रकरणात दिसलं. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोदे बुद्रुकजवळ जळालेले अवशेष मिळाले. नमुने जे. जे. रुग्णालयात गेले, पण अकस्मात मृत्यूचीसुद्धा नोंद झाली नाही. ते शीनाचे असल्याचं पोलिसांनी सांगितलं २०१५ मध्ये. पुढं २०२४ मध्ये ती हाडं सापडत नाहीत असं सरकारी पक्षानं न्यायालयात सांगितलं, आणि मग ती सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयातच निघाली. इतक्या गाजलेल्या खटल्यात ही गत! आपला यूडीआर नंबर आपल्याच वहीत लिहून ठेवलेला बरा.

दिरंगाई आणखी एका कारणानं नडते. १९५७ च्या कर्नाटक अ‍ॅनाटॉमी कायद्यानुसार मुदतीत कुणी न आलेला बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देता येतो. त्यामुळं बेळगावच्या बिम्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवागारातही लवकर चौकशी करा.

ओळख पटली की मृत्यूचा दाखला. माणूस राहायला कुठं होता याला महत्त्व नाही, मृत्यू जिथं झाला तिथल्याच निबंधकाकडं नोंद होते. आमच्या बाबतीत ती कर्नाटकात. मुदत २१ दिवसांची. नोंदीविना वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. दाखला कन्नड-इंग्रजीत येतो. इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवूनच सही करा, नाहीतर इकडं तलाठी सातबाऱ्यावर वारस लावताना अडवतो. आणि प्रती एकदमच भरपूर काढा. बँक, विमा, सोसायटी, सगळे मूळ प्रत मागतात आणि परत कुणी देत नाही.